पोचवायला आलेली किकरी

आदिलाबादच्या डोंगरांत परधान नावाची एक जमात आहे. तिच्या घरात मराठी बोलतात आणि मयताच्या दारात गोंडी गातात. चूल, शेत, बाजार, लेकरांची भांडणं हे सगळं मराठीत. पण गोंड यजमानाच्या घरचं माणूस गेलं, की परधान खुंटीवरची किकरी काढतो, तारा जुळवतो आणि यजमानाच्या भाषेत गायला बसतो. ही भाषा त्याला पक्की येते, कारण त्याच्या बापाने आणि आज्याने तिच्यातच हे काम केलेलं असतं. दुसऱ्याच्या मेलेल्यांसाठी दुसऱ्याची भाषा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी मराठी बोलणारी माणसं आपल्या इतक्या जवळ राहतात, आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नाही. याची मला खंत वाटते, म्हणून हा लेख.

पांढरकवड्याहून दक्षिणेला निघालं आणि पैनगंगा ओलांडली, की आदिलाबाद जिल्हा लागतो. आज तो तेलंगणात आहे. १९५६ पर्यंत आपल्याकडचे किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. सरकारी सीमा अशा हलत राहिल्या, तरी कुठल्या परधानाने कुठल्या गोंडाच्या दारी गायचं हे मात्र कुळावरून ठरत आलं आहे. गोंडांत चार सगा आहेत: चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे आणि सात देवांचे. लग्न आपल्या सगाबाहेर करायचं. प्रत्येक सगात अनेक कुळं, प्रत्येक कुळाचा एक पेरसा पेन, म्हणजे थोरला देव, आणि त्या कुळाशी जोडलेली परधानांची घराणी. काही कुळांकडे हेच काम तोटी करतात. तेही गाणारेच, पण त्यांच्या घरातली भाषा गोंडीच.

मराठीत आपण मयताला ‘पोचवायला’ जातो. हा शब्द किती अचूक आहे ते परधानाचं काम पाहिल्यावर उमगतं. गोंडांच्या समजुतीप्रमाणे माणसात दोन गोष्टी असतात. एक जीव. तो भगवंताने दिलेला असतो आणि मरणाबरोबर त्याच्याकडे परत जातो. दुसरा सनाल, म्हणजे गेलेला माणूस, त्याचं नाव, त्याचं नातं, त्याचं माणूसपण. जीव आपला आपण जातो. सनालाला पोचवावं लागतं. त्याला त्याच्या कुळाच्या देवापाशी, आधी गेलेल्या पूर्वजांच्या पंगतीत नेऊन बसवलं नाही, तर तो अधांतरी राहतो आणि घरालाही स्वस्थता लाभत नाही. पेरसा पेनची पूजा वर्षातून दोनदा होते, एकदा पौषात आणि एकदा उन्हाळ्यात. मधल्या काळात गेलेली माणसं तेव्हा रीतसर कुळाच्या देवात सामील केली जातात. देवाची खूण काय, तर वनगाईच्या शेपटीची चवरी आणि लोखंडी भाल्याचं पातं. मूर्ती नाही. या सगळ्या विधीत कुळाचा पुजारी पूजा करतो, सोयरे आपापली कामं करतात, पण वाट दाखवण्याचं काम परधानाचं आहे. तो गातो आणि त्या गाण्यावरून गेलेला माणूस चालत जातो.

आता हे वाद्य जवळून पाहू. किकरीला किंगरीही म्हणतात. आपल्याकडे दारोदार फिरणाऱ्या नाथपंथी किंगरीवाल्यांमुळे हे नाव मराठीला परकं नाही. लाकूड कोरून केलेला पोकळ पेटारा, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, वर दांडी, दांडीला खुंट्या आणि तीन तारा. ती छेडायची नसते, गजाने घासायची असते. गज म्हणजे धनुकलीसारखी वाकवलेली काठी आणि तिच्या दोन टोकांत ताणून बांधलेले घोड्याच्या शेपटीचे केस. केस नुसते फिरवले तर तारेवरून घसरून जातात, आवाज निघत नाही. त्यांना राळ लावली की ते तारेला चिकटतात. मग काय होतं? केस तार पकडतो, आपल्याबरोबर थोडी ओढत नेतो, ताण वाढला की तार सुटून मागे येते, आणि लगेच केस तिला पुन्हा पकडतो. पकड-सोड, पकड-सोड. दोनशे कंपनांचा सूर असेल तर ही पकड-सोड एका सेकंदात दोनशे वेळा होते. सारंगीत, व्हायोलिनमध्ये, किकरीत, सगळीकडे हेच घडतं. फरक इतकाच, की किकरीच्या कातड्यामुळे आवाजाला एक खरखर येते, घसा बसलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी.

या पकड-सोडीचा परिणाम फार मोठा आहे. एकतारी किंवा तुणतुण्याची तार छेडली, की सूर जन्मतो आणि लगेच विझायला लागतो. कितीही जोराने छेडा, काही क्षणांत तो गेलेलाच असतो. गजाच्या तारेला मात्र हात चालतो तोवर मरण नाही. गज उलटा फिरतो तेव्हा आवाज जरासा कापतो, पण तुटत नाही. गाणाऱ्याला श्वास घ्यायला थांबावं लागतं, तेवढी जागा किकरी भरून काढते. माणसाचा आवाज आणि तारेचा आवाज असे एकमेकांना धरून चालतात. परधानाच्या साथीला पेपरे असतं, सनईच्या जातीचं, फुंकून वाजवायचं, ढोल असतो, आणि मोठ्या देवकार्यात कालिकोम, लांबलचक तुतारी. ढोल सोडला तर या सगळ्यांचा गुण एकच, सूर लांबवता येणं. माझ्या मते हा योगायोग नाही. ज्याला दूरच्या वाटेने न्यायचं आहे, त्याचा हात मध्येच सोडून चालत नाही.

इथे थोडं दूर जातो, थेट फिनलंडला, कारण तिथल्या एका संगीताने मला किकरीकडे नीट कान द्यायला शिकवलं. रॉक संगीताच्या जड शाखेला हेवी मेटल म्हणतात. तिची सुरुवात बहुतेक जण १९७० साली बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ने काढलेल्या पहिल्या तबकडीपासून धरतात. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या यंत्रात तुटली होती. पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने तारा सैल केल्या, आणि आवाज खाली, जड उतरला. त्या संथ, जड बाजूचा पुढे ‘डूम’ झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या कारिना गावातल्या ‘थेर्गोथॉन’ या बँडने ती लय इतकी खाली आणली, की त्या संगीताला ‘फ्युनरल डूम’, म्हणजे अंत्ययात्रेचा डूम, असं नाव पडलं. १९९४ साली त्यांची एकच मोठी तबकडी निघाली, ‘स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स’. पाठोपाठ १९९५ साली रीहिमाकी गावच्या ‘स्केप्टिसिझम’ची ‘स्टॉर्मक्रोफ्लीट’ आली. या बँडमध्ये बास गिटार नाही. तिच्या जागी चर्चमधल्या ऑर्गनचा भरणारा, न थांबणारा आवाज आहे. गिटारचा सूर विद्युत यंत्रातून इतका फाडलेला, की तोही विझत नाही, गुरगुरत राहतो. ढोलाचा एक ठोका पडतो आणि पुढचा पडेपर्यंत ऐकणाऱ्याला आपला श्वास ऐकू येतो. आपण मराठी माणसं अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा कान देऊन ऐकणारी. लय पसरली की मन कसं खोल जातं हे आपल्याला शिकवायला नको. पण झुमऱ्यात सम येणार याचा भरवसा असतो. फ्युनरल डूममध्ये तो मुद्दाम ढिला केलेला असतो.

या शाखेतली मला सगळ्यात जवळची वाटलेली कृती अमेरिकेतल्या सिएटलच्या ‘बेल विच’ या बँडची आहे. बँड दोघांचाच, एक बास वाजवणारा आणि एक ढोल. २०१६ साली त्यांचा आधीचा ढोलवादक एड्रियन गुएरा वारला. पुढच्या वर्षी त्यांनी ‘मिरर रीपर’ ही तबकडी काढली. तिच्यात एकच गाणं आहे, ८३ मिनिटांचं. मधोमध गुएराचाच आवाज येतो, पूर्वी ध्वनिमुद्रित केलेला आणि न वापरलेला. गेलेल्या मित्राच्या आवाजाभोवती बसून उरलेल्यांनी सव्वा तासाहून जास्त वाजवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे लोक त्याला पोचवत आहेत. त्यांना तसा विधी कुणी शिकवला नव्हता, सूर लांबवायचा एवढंच त्यांना कळलं.

पण परधानाशी तुलना एवढ्यावर थांबवली पाहिजे. फ्युनरल डूम हे ऐकणाऱ्यांसाठीचं संगीत आहे. शोक कसा असतो ते ते ऐकवतं. परधानाचं गाणं ऐकणाऱ्यांच्या मनासाठी नसतं. त्याचा पहिला श्रोता मेलेला माणूस. म्हणून त्यात रडण्याला फार जागा नाही. रडायला घरच्या बायका आहेत, त्यांचं रडणं वेगळं चालू असतं. परधान सांगतो तो इतिहास. गोंड कसे जन्मले, कसे गुहेत कोंडले गेले, त्यांचा आदिगुरू पाहांदी कुपार लिंगाल याने त्यांना कुळं आणि सगा कसे वाटून दिले, कुठलं कुळ कुठल्या देवाचं, देव कुठून कुठे आले. गेलेल्या माणसाला आपल्या लोकांत जायचं असेल तर आपले लोक कोण, हे त्याला ठाऊक हवं. गाणं म्हणजे त्याच्या हाती दिलेला नकाशाच. उत्पत्तीची ही कथा गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी जोडतात. तिथे दर वर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास लाखो लोक येतात. त्या कथेत कोंडलेल्या मुलांना सोडवण्यात जंगो देवीबरोबर एक वादकही आहे, हिरासुका पाटालीर. परधान त्याला आपला मूळपुरुष मानतात. गोंडीत गाण्याला पाटा म्हणतात, आणि पाटाडी म्हणजे गाणारा. परधान हे नाव बाहेरच्यांचं, पाटाडी हे आतलं.

गोंड माणसाला स्वतःच्या कुळाची कथा अथपासून इतिपर्यंत येतेच असं नाही. ती परधानाकडे ठेवलेली असते. ही व्यवस्था विलक्षण आहे. आपल्या वंशाची सगळी स्मृती एक समाज दुसऱ्या समाजाकडे ठेव म्हणून ठेवतो, आणि तीही वेगळी भाषा बोलणाऱ्याकडे. मोबदल्यात धान्य, कपडे, कधी जनावर. मयताच्या विधीत मेलेल्याची वस्त्रं, भांडी, दागिने परधानाला मिळत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर १९१६ साली लिहिलेल्या ग्रंथातही या देण्याची नोंद आहे.

आणि इथेच या कामाचं दुखणं आहे. मेलेल्याची वस्तू घेतो तो खालचा, ही समजूत फक्त गोंडांची नाही. प्रेमानंद गज्वी यांचं ‘किरवंत’ नाटक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ती कळेल. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणालाच त्याचे जातभाई पंगतीला घेत नाहीत. ज्याच्यावाचून मरण पार पडत नाही, त्याला जगण्यात दूर बसवायचं, हा प्रकार उतरंडीत वरपासून खालपर्यंत आहे. गोंड परधानाच्या हातचं खात नसत, त्याच्याशी लग्नसंबंध करत नसत, आणि तरी त्याच्यावाचून त्यांचा देव उठत नसे. शिकलेल्या परधान तरुणाने किकरी हातात घ्यायला नको म्हटलं, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्या तीन तारांबरोबर त्याला काय काय उचलावं लागलं, ते बघितलं पाहिजे.

या सगळ्याची लिखित नोंद आपल्याकडे आहे याचं श्रेय मुख्यतः दोन माणसांना जातं. पहिला ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ. १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या उठावाचा नेता कोमुरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्यानंतर गोंड असे का पेटले, हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने हाइमेनडॉर्फला त्या भागात पाठवलं. तो आणि त्याची बायको बेट्टी मार्लवाई गावात झोपडी बांधून राहिले. १९४८ साली त्याचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ निघाला. त्यातल्या पुराणकथांचा मोठा भाग परधानांच्या तोंडून आलेला आहे. बेट्टी १९८७ साली वारली. तिची समाधी मार्लवाईत आहे आणि हाइमेनडॉर्फच्या अस्थीही पुढे तिथेच आणून ठेवल्या. दुसरे आपले सेतुमाधवराव पगडी. मराठवाड्यातल्या निलंग्याचा हा माणूस. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण निजामाच्या नोकरीत असताना आदिलाबादमध्ये आदिवासींच्या कामावर ते गोंडी शिकले, तिचं व्याकरण लिहिलं आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिलं. पगडी मराठीत मुरलेले आणि परधानांची घरची भाषा मराठी. मधे दुभाषा लागायचं कारण नव्हतं. तिसरं एक मराठी नाव इथे घेतलंच पाहिजे: शामराव हिवाळे, मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनचे सोबती. त्यांनी १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिथे किकरीला बाना म्हणतात, आणि बाना नुसतं वाद्य नसून बडा देवाचं ठाणं मानलं जातं.

नर्मदेकडच्या परधानांचं पुढे काय झालं, ते आदिलाबादसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. यजमान गरीब होत गेले, दान आटलं, बाना खुंटीला राहिला. १९८० नंतरच्या काही वर्षांत चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या भारत भवन या कलाकेंद्राच्या मंडळींना पाटणगढ गावात भिंतीवर चित्रं काढणारा एक परधान मुलगा भेटला. त्याचं नाव जनगढसिंह श्याम. वाडवडील ज्या देवांना सुरात आळवत, त्या देवांना त्याने रंगात आणलं. देवांची रूपं कुठे लिहिलेली नव्हती, ती गाण्यात होती. आज ज्याला सर्रास गोंड चित्रकला म्हणतात ती बरीचशी परधानांच्या हातची आहे. ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेलं ते हरीण, तो मोर, आता पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत पोचले आहेत. कला वाचली, याचा आनंद आहे. पण चित्र मेलेल्याला पोचवत नाही, आणि बान्यावरचं ते काम चित्राने उचललेलं नाही.

आदिलाबादमध्ये तसं झालेलं नाही, निदान अजून नाही. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. ती मेसराम कुळाची. कुळाची माणसं जत्रेआधी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. आणि महापूजेपूर्वी वडाच्या झाडाखाली वर्षभरात गेलेल्या आपल्या माणसांसाठी ‘तूम’ नावाचा विधी करतात. एवढ्या मोठ्या जत्रेची सुरुवात गेलेल्यांपासून होते. पेपरे आणि कालिकोम तिथे वाजतात, ते ऐकायला मिळतात. २००६ साली नारनूर भागातल्या गुंजाळा गावी गोंडी हस्तलिखितं सापडली, त्यांच्या लिपीला २०१८ मध्ये संगणकाच्या युनिकोड संचात जागा मिळाली. म्हणजे गाण्यातलं लिहून ठेवायला आता स्वतःचं अक्षरही आहे. उणीव आहे ती किकरी शिकायला बसणाऱ्याची. ही विद्या पुस्तकातून येत नाही. गज किती दाबायचा, कुठल्या नावावर सूर खाली न्यायचा, गेलेल्याला हाक कधी मारायची, हे बापाशेजारी बसूनच येतं, आणि त्यासाठी मयतं पाहावी लागतात.

किनवट, माहूर, पांढरकवडा, वणी, राजुरा, गडचिरोली या भागांत हा लेख वाचणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या गावात किंवा शेजारच्या पाड्यावर किकरी वाजवणारं म्हातारं माणूस असेल तर त्याच्याकडे जा. तुमची आणि त्याची भाषा एक आहे. परवानगी मागा. मयताच्या विधीत मधे शिरून चित्रण करू नका, आधी किंवा नंतर त्याच्या अंगणात बसा. दान द्या, कारण पूर्वी यजमान द्यायचा, फुकट कुणी गात नसे. गाणं अर्धं कापू नका, रात्र लागली तरी चालेल. कुळ कुठलं, सगा कुठला, किकरी कुणी घडवली, लाकूड कसलं, हे त्याच्याच तोंडून विचारून वहीत लिहा, आणि मुद्रणाची एक प्रत त्याच्या नातवाला द्या.